२.३०३ कुठून आला?

गेली दोन वर्षं दर शनिवारी दुपारी मी आमच्या बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या मुलांना पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवते. कॉलेज खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावचं, तापीपासून फार लांब नाही. मुलं आजूबाजूच्या खेड्यांतून एस.टी.नं येतात. कुणाच्या घरी केळी, कुणाच्या घरी कपाशी. काही थेट सातपुड्यातून, धडगावकडून आलेली आणि होस्टेलला राहणारी. मी स्वतः फिजिकल केमिस्ट्रीची. बी.एस्सी. लॉग टेबलवर केलं, एम.एस्सी. जळगावला विद्यापीठात. तेव्हा विद्यापीठाच्या नावात बहिणाबाई नव्हत्या, ते नाव २०१८ मध्ये मिळालं. प्रोग्रॅमिंग मला वर्गात कुणी शिकवलं नाही. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये घरी बसून आयआयटी मुंबईची स्पोकन ट्यूटोरियल बघितली. एक व्हिडिओ लावायचा, थांबवायचा, तेवढंच करून बघायचं, पुन्हा लावायचा. तो प्रकल्प उभा करणारे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य केमिकल इंजिनिअरिंगचे आहेत हे कळलं तेव्हा मला फार धीर आला. म्हणजे हे आपल्यातल्या माणसाला जमतं.

पहिल्या तासाला ३४ जण आले. मी सगळीकडे शिकवतात तसंच सुरू केलं. व्हेरिएबल म्हणजे डबा, डब्यात आकडा ठेवायचा. मग लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणं. मग शंभरपर्यंतच्या मूळ संख्या शोधा. चौथ्या शनिवारी ११ जण उरले. न येणाऱ्यांचा मला राग आला होता. पण स्टँडवर बसची वाट बघत उभ्या असलेल्या एका मुलीला मी कारण विचारलं, तर ती म्हणाली, "मॅडम, मूळ संख्या सापडली की तिचं करायचं काय?" तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार शनिवार मी केमिस्ट्रीच्या मुलांना केमिस्ट्री दाराबाहेर ठेवून आत बसायला लावत होते.

पाचव्या शनिवारी कॉम्प्युटर लॅब उघडलीच नाही. सगळ्यांना आमच्या लॅबमध्ये बोलावलं, जर्नल आणायला सांगितलं. फळ्यावर लिहिलं: ०.१ नॉर्मल ऑक्झॅलिक ॲसिड, २५० मिली. "किती वजन घ्यायचं ते मला सांगू नका. समजा एक माणूस आहे, त्याला केमिस्ट्री काहीच येत नाही, पण सांगितलेलं तंतोतंत करतो. त्याला एकेक पायरी लिहून द्या."

हे त्यांना येत होतं. अकरावीपासून जर्नलमध्ये 'कृती' लिहून लिहून त्यांचे हात बसलेले. इक्विव्हॅलंट वेट घ्या, नॉर्मॅलिटीनं गुणा, लिटरमधल्या व्हॉल्यूमनं गुणा. दहा मिनिटांत पानं भरली. मग आम्ही तीच पानं घेऊन कॉम्प्युटरपुढे बसलो आणि वाक्याला एक ओळ या हिशोबानं ती टाइप केली. चार ओळींचा प्रोग्रॅम झाला. त्या चार ओळींत मला मागच्या चार शनिवारांपेक्षा जास्त शिकवता आलं.

पण खरा धडा त्यानंतर झाला. एका जोडीचं उत्तर आलं १.१२५ ग्रॅम. दोघांनी वहीत लिहून घेतलं. आमचे लॅब अटेंडंट, ज्यांना सगळं कॉलेज भाऊ म्हणतं, मागे उभे राहून बघत होते. ते म्हणाले, "मॅडम, दीड ग्रॅमच्या वर लागतं ना? एवढ्यात कसं होईल?" भाऊंचं शिक्षण दहावीपर्यंत. पण ऑक्झॅलिक ॲसिड त्यांनी इतक्या वेळा तोललंय की कागदावर पडलेला ढीग बघूनच ते सांगतात. मग शोधलं. मुलांनी रेणुभार ९०.०३ घेतला होता. बाटलीतलं ऑक्झॅलिक ॲसिड दोन पाण्याच्या रेणूंसह येतं, त्याचा १२६.०७. इक्विव्हॅलंट वेट त्याच्या निम्मं, आणि उत्तर १.५७६ ग्रॅम. कॉम्प्युटरनं कुठलीही तक्रार केली नव्हती. लाल अक्षरं नाहीत, काही नाही. दिलेला आकडा त्यानं इमानानं गुणला होता, बाटलीच्या लेबलवर काय लिहिलंय हे त्याला दिसत नाही. ते भाऊंना दिसलं.

तेव्हापासून माझा एक नियम झाला. उत्तर पडद्यावर यायच्या आधी ते साधारण किती यावं हे वहीत लिहायचं. अंदाज चुकला तरी चालेल, लिहिलेला पाहिजे. पुढे काही मुलं मोबाईलवर एआयला विचारून तयार कोड आणू लागली, त्यांनाही तोच नियम लावला. कोड कुठूनही आणा, पण आधी एक रीडिंग हातानं सोडवलेलं दाखवा, मग चालवा. यात मी कुणाला सवलत दिली नाही आणि देणारही नाही.

केमिस्ट्रीच्या मुलांना काही गोष्टी किती सहज कळतात याचं मला नवल वाटत आलंय. पायथनमध्ये मोठं अक्षर आणि लहान अक्षर वेगळं मानतात, हे इतरांना शिकवायला वेळ जातो. आमच्याकडे एका वाक्यात काम झालं. मोठा सी मोठा ओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, मोठा सी लहान ओ म्हणजे कोबाल्ट. वर्गात कुणालाच पुढे काही समजवावं लागलं नाही. व्हेरिएबलला ए, बी, एक्स अशी नावं दिली की मी विचारते, "बिनलेबलची बाटली शेल्फवर ठेवशील का?" पोरं लगेच नाव बदलतात.

जिथे अडलं ते अगदी वेगळ्या ठिकाणी. फाइल सेव्ह केली, पण कुठे? फोल्डर म्हणजे काय हे निम्म्यांना माहीत नव्हतं. यात त्यांचा दोष नाही. त्यांचं सगळं आयुष्य मोबाईलवर गेलंय आणि मोबाईलमध्ये वस्तू कुठे ठेवली हे बघावं लागत नाही, शोधलं की समोर येते. मी दोन तास नुसते फोल्डरवर घालवले. ते वाया गेले असं मला वाटत नाही.

आणि मोबाईललाच शरण जावं लागलं. आमच्या कॉम्प्युटर लॅबमधली चालू मशीन १३, पोरं ३०, त्यात दुपारी लाईट जायची. ज्यांच्या फोनला रेंज असे ते गुगल कोलॅबवर, म्हणजे नेटवरून पायथन चालवायच्या सोयीवर, करत. धडगावकडच्या मुलांच्या गावात रेंज मिळायची तर टेकडीवर जावं लागतं, त्यांनी पायड्रॉइड नावाचं ॲप घेतलं. ते एकदा उतरवलं की नेटशिवाय चालतं. फोनच्या कीबोर्डचा मात्र एक त्रास झाला. ओळीचं पहिलं अक्षर तो आपोआप मोठं करतो, त्यामुळे 'प्रिंट'चा पी मोठा पडे आणि लाल मजकूर येई. शिरपूरकडचा एक मुलगा फोन घेऊन धावत आला, "मॅडम, हाई काय शे? लाल लाल काय उनं?" घाबरला की तो अहिराणीवर येतो. मी सगळ्यांना सांगितलं की तो लाल मजकूर खालून वाचायचा, सगळ्यात शेवटच्या ओळीत काय चुकलं ते लिहिलेलं असतं. त्यानं वाचलं, आणि स्वतःच म्हणाला, "हा कोबाल्ट झाला." तेव्हापासून वर्गात मोठ्या-लहान अक्षराच्या चुकीला कोबाल्टच म्हणतात.

आता शीर्षकातल्या आकड्याकडे येते.

पीएचचा तास होता. ॲसिड किती तीव्र आहे हे सांगणारा हा आकडा लॉग घेऊन काढतात. ०.०१ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड. अंदाज सगळ्यांनी बरोबर लिहिला: २. यासाठी कुणाला कॉम्प्युटर लागत नाही. प्रोग्रॅम चालवला आणि सगळ्यांच्या पडद्यावर ४.६०५. एका वेळी सगळ्यांचं उत्तर चुकलं की मुलांचा पहिला समज असा होतो की आपलंच काहीतरी चुकलं असणार. दोघांनी वहीतला २ खोडून ४.६ केलासुद्धा. मी मुद्दाम गप्प राहिले. लॅबमध्ये फक्त पंख्यांचा आवाज. मग धडगावची एक मुलगी, जी त्या दिवसापर्यंत तासाला एक शब्द बोलली नव्हती, हळूच म्हणाली, "मॅडम, हे दोन गुणिले २.३०३ आहे."

मी तिला फळ्याजवळ बोलावलं. तिनं गुणाकार करून दाखवला. २.३०३ हा आकडा केमिस्ट्रीच्या मुलाला कुठेही ओळखू येतो. कायनेटिक्सच्या, म्हणजे रिॲक्शनच्या वेगाच्या, सूत्रांत तो सारखा भेटतो, कारण नॅचरल लॉगच्या जागी दहाच्या पायाचा लॉग वापरायचा तर त्याला २.३०३ नं गुणावं लागतं. म्हणजे कॉम्प्युटरनं दहाचा लॉग घेतलाच नव्हता, नॅचरल लॉग घेतला होता. पायथनच्या मॅथ मोड्यूलमध्ये नुसतं 'लॉग' म्हटलं की नॅचरल लॉग मिळतो, दहाचा हवा असेल तर 'लॉग-टेन' असं म्हणावं लागतं. आमच्या पुस्तकात मात्र 'लॉग' म्हणजे दहाचा आणि नॅचरल असेल तर 'एलएन'. शब्द तोच, गाव बदललं की अर्थ बदलतो. खान्देशातल्या मुलांना हे काय सांगायचं? घरी एक बोली, वर्गात दुसरी, हे ती रोज करतात.

वहीत २ खोडलेल्या दोघांना मी रागावले नाही, पण त्या पानावर तारीख घालून ठेवायला लावली. ज्याचा पीएच दोन आहे हे आपल्याला डोळे मिटून माहीत आहे, तिथे पडद्यावरच्या आकड्यापुढे आपण स्वतःचं ज्ञान खोडतो. मला त्या दिवशी याची भीती वाटली होती, ती अजून गेलेली नाही.

पुढच्याच महिन्यात तोच आकडा उलट्या बाजूनं आला. मिथाइल ॲसिटेटचं ॲसिडमध्ये हायड्रॉलिसिस, ज्यांनी बी.एस्सी. केलंय त्यांना हा प्रयोग आठवत असेल. दर दहा मिनिटांनी ५ मिली मिश्रण काढायचं, बर्फाच्या पाण्यात टाकून रिॲक्शन थोपवायची, फिनॉल्फ्थॅलिन घालून कॉस्टिक सोड्यानं टायट्रेट करायचं. ग्राफ काढायचा, स्लोप घ्यायचा, २.३०३ नं गुणलं की रेट कॉन्स्टंट, म्हणजे रिॲक्शनचा वेग सांगणारा आकडा. मुलांनी ग्राफ पेपरऐवजी प्रोग्रॅमनं रेषा बसवली. नॅचरल लॉग घेतला, तो आता त्यांना नीट माहीत होता. पण सवयीनं शेवटी २.३०३ नं गुणलंच. सगळ्यांचा रेट कॉन्स्टंट सव्वादोन पटीहून मोठा. या वेळी मला काही बोलावं लागलं नाही, मागच्या बाकावरूनच आवाज आला, "अरे, तो तर आधीच आत गेलाय!" मी स्वतः वीस वर्षं २.३०३ शिकवलाय. तो लॉग टेबलच्या सोयीसाठी आलेला पाहुणा आहे, निसर्गाचा आकडा नाही, हे इतकं स्वच्छ मी कधी सांगितलं नव्हतं.

याच प्रयोगात एक अवघड गोष्टही घडली. प्रोग्रॅम रेषा बसवतो तेव्हा प्रत्येक बिंदू रेषेपासून किती लांब आहे तेही सांगतो. सगळ्यांचे बिंदू थोडे वरखाली होते, ब्युरेटवर ०.१ मिलीची रेघ असली की ते व्हायचंच. एकाचे मात्र सगळे बिंदू जणू रेषेवर ओवलेले. आर-वर्ग, म्हणजे बिंदू रेषेला किती चिकटून आहेत ते सांगणारा आकडा, ०.९९९९९; १ आला की सगळे अगदी रेषेवर. वर्गात शांतता पसरली. त्या मुलानं मान खाली घातली. त्यानं रीडिंग घेतलीच नव्हती, रेषेवरून उलटी काढली होती.

त्याला सगळ्यांसमोर काही बोलायचं नाही असं मी ठरवलं. कारण ही सवय आम्ही लावलेली आहे. तीन रीडिंग सारखी आली तर मार्क, वेगळी आली तर प्रश्न. मग पोरं १०.२, १०.२, १०.२ असं लिहायला शिकतात. त्या दिवशी मी पद्धत बदलली. टायट्रेशन झालं की रीडिंग लगेच फाइलमध्ये जायचं, आणि ती फाइल नंतर कुणी उघडून बदलायची नाही. बदल, गाळणं, दुरुस्ती, जे करायचं ते प्रोग्रॅममध्ये करा, म्हणजे काय केलं ते दिसेल. एखादं रीडिंग टाकून द्यायचं असेल तर का टाकलं याची एक ओळ शेजारी लिहा. आणि मार्क रेषेच्या सरळपणाला नाहीत. तो मुलगा पुढच्या आठवड्यात एकटा येऊन प्रयोग पुन्हा करून गेला. त्याचा आर-वर्ग बाकीच्यांसारखाच आला, आणि तो त्यानं न विचारता मला आणून दाखवला.

माझ्या टेबलाच्या खणात एक जाड रजिस्टर आहे. दर बॅचचा रेट कॉन्स्टंट आणि त्या दिवशीचं लॅबचं तापमान मी त्यात लिहून ठेवते, २००९ पासून. उद्देश एवढाच की एखाद्या बॅचचं उत्तर भलतंच आलं तर कळावं. ते रजिस्टर मी मुलांना दिलं आणि टाइप करायला सांगितलं. तीन मुलींनी दोन दुपारी बसून केलं. बिंदू मांडले तर आकडे दोन घोळक्यांत पडले. एकीला वाटलं टाइप करताना चुकलं. तारखा बघितल्या तेव्हा उलगडलं. एक घोळका डिसेंबर-जानेवारीचा, दुसरा मार्च-एप्रिलचा.

जळगाव-भुसावळकडचा उन्हाळा मी नव्यानं सांगायला नको, मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. एप्रिलमध्येच आमच्या लॅबमध्ये ३८ अंश असतं. बाजारातून आणलेला बर्फ टबमध्ये टिकत नाही. मिथाइल ॲसिटेट ५७ अंशांना उकळतं, त्यामुळे पिपेटमध्ये घेता घेताच ते उडायला लागतं. जानेवारीत सकाळी त्याच खोलीत २२. सोळा अंशांच्या फरकानं रेट कॉन्स्टंट सुमारे चौपट झाला होता. तापमानाबरोबर रिॲक्शनचा वेग कसा बदलतो हे सांगणारं पुस्तकातलं आरहेनियसचं समीकरण शिकवताना मी थर्मोस्टॅटचे आकडे घालते, आणि आमच्याकडे चालणारा थर्मोस्टॅट नाही म्हणून हळहळते. इथे ऋतूनंच तो प्रयोग पंधरा वर्षं करून ठेवला होता. मुलींनी रेट कॉन्स्टंटचा नॅचरल लॉग आणि केल्व्हिनमधल्या तापमानाचा व्यस्त असा ग्राफ काढला. बिंदू विखुरलेले होते, पण रेष उतरत होती, आणि तिच्यावरून ॲक्टिव्हेशन एनर्जी, म्हणजे रिॲक्शन व्हायला लागणारी किमान ऊर्जा, मोलमागे साठ आणि सत्तर किलोज्यूलच्या मधे आली. या रिॲक्शनला साधारण तेवढीच असते. मी खुर्चीत बसून तो ग्राफ बराच वेळ बघत होते. त्यात माझ्या पंधरा बॅचेस होत्या, पैकी कितीतरी मुलं आता आईबाप झाली आहेत.

दिवाळीच्या सुट्टीत काम दिलं होतं: येताना आपल्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी बाटलीभर आणा. ईडीटीए टायट्रेशननं हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा, काढायची. ५० मिली पाणी, पीएच १० चा बफर, एरिओक्रोम ब्लॅक टी, वाइनसारखा लाल रंग निळा होईपर्यंत ०.०१ मोलर ईडीटीए. या मापात ब्युरेटचं रीडिंग २० नं गुणलं की लिटरमागे मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, २०० पर्यंत चांगलं आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालेल असं आहे. काही बाटल्या ६००च्या वर गेल्या. गावांची नावं इथे लिहीत नाही, कारण एका बाटलीवरून गावाबद्दल बोलू नये हे मी मुलांनाही सांगितलं. पण एका मुलीनं आकडा बघून जे सांगितलं ते लिहिते. तिची आई नेहमी म्हणते, "आठला पानीमा डाय शिजत नही." म्हणजे इथल्या पाण्यात डाळ शिजत नाही. आई डाळीला नावं ठेवत नव्हती, पाण्याला ठेवत होती, आणि तिचं बरोबर होतं.

या कामात मुलांनी नमुन्यांना क्रमांक दिले होते, गाव-विहीर असे. तिसऱ्या गावची पाचवी विहीर म्हणजे ३-५. एक्सेलमध्ये टाइप केलं आणि एंटर दाबल्यावर तिथे ३ मे उमटलं. अर्ध्या विहिरी तारखा होऊन बसल्या. पुन्हा दुरुस्त करायला गेलं तर मूळ क्रमांक कुठेच उरलेला नसतो, आतमध्ये दिवसांचा आकडा जाऊन बसलेला असतो. जनुकांच्या नावांचंही असंच व्हायचं, म्हणून २०२० मध्ये मानवी जनुकांची काही नावंच बदलावी लागली. आमचं सगळं वाचलं ते बाटल्यांवर मार्करनं लिहिलेलं होतं म्हणून. आता आम्ही 'गाव३-विहीर५' असं लिहितो.

त्याच सुमारास एका मुलाचे वडील भेटायला आले. केळीचा माल गाडीत भरून देऊन तसेच आले होते, कपड्यांवर डाग. त्यांचा प्रश्न सरळ होता: पोरगा केमिस्ट्रीला घातला, मग मॅडम त्याला कॉम्प्युटर कशाला लावता? नोकरी मिळेल असं वचन मी त्यांना दिलं नाही. नुकतंच त्या ऑक्टोबरात केमिस्ट्रीचं नोबेल प्रथिनांची रचना कॉम्प्युटरनं काढणाऱ्या आणि घडवणाऱ्या तिघांना मिळालं होतं, तेही मला तिथे बोलावंसं वाटलं नाही. मी त्यांना अमळनेरचं सांगितलं. १९४५ साली तिथे वनस्पती तूप करणारी कंपनी निघाली. तेलात निकेलच्या मदतीनं हायड्रोजन घालायचा, की तेल घट्ट होतं, अगदी आमच्या सिलॅबसमधली रिॲक्शन. तीच कंपनी पुढे विप्रो झाली आणि कॉम्प्युटरच्या धंद्यात गेली. ते म्हणाले, "अमळनेरची विप्रो, ते माहीत आहे, मामाकडे शेअर होते." थोडा वेळ बसले. जाताना मुलाच्या पाठीवर हात ठेवून गेले. पोरगा अजून येतो.

शेवटचं एम.एस्सी.च्या मुलांचं. आमच्याकडे छोटं सेंटर आहे. ह्यूकेलची पद्धत, म्हणजे रेणूतल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा काढायची रीत, त्यांना ब्युटाडाइनपर्यंत हातानं करावी लागते, चार कार्बन, चार ओळींचा डिटर्मिनंट, उत्तरं १.६१८ आणि ०.६१८, अधिक आणि उणे. बेंझीनला सममितीचा आधार घ्यावा लागतो, आणि नॅफ्थॅलिनला दहा कार्बन आले की सगळे पेन खाली ठेवतात. आता कोण कुणाला जोडलंय एवढंच एक-शून्यात भरायचं, बाकी आयगनव्हॅल्यू, म्हणजे तीच ऊर्जेची उत्तरं, मशीन काढतं. १९९८ मध्ये ज्या जॉन पोपल यांना अशा गणिती रसायनासाठी नोबेल मिळालं, त्यांचं काम समजायची ही पहिली पायरी आहे असं मी सांगितलं आणि मुलं कामाला लागली.

नॅफ्थॅलिनची उत्तरं आली. सगळ्यात वरचा आकडा: २.३०३.

वर्गात एकच गलका झाला. "मॅडम, लॉग परत आला!" कोडमध्ये लॉग कुठेच नव्हता. मी सुद्धा थबकले. धडगावची ती मुलगी आता एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. ती म्हणाली, "अजून दशांश बघू." तिनं सहा घरं छापली. नॅफ्थॅलिनचा आकडा २.३०२७७६. दहाचा नॅचरल लॉग २.३०२५८५. चौथ्या घरात वाटा फुटल्या. नॅफ्थॅलिनचा आकडा एक अधिक वर्गमूळ तेरा, भागिले दोन एवढाच आहे, लॉगशी त्याचं काही नातं नाही. तिनं दोन्ही आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहिले आणि चौथ्या घरापाशी उभी रेघ मारली. सोमवारपर्यंत मी फळा पुसू दिला नाही.

मागच्या महिन्यात भाऊंनी मुलांकडे एक मागणी केली. नेहमी लागणारी पंधरा-वीस सोल्यूशनं आहेत, प्रत्येकाचं १००, २५० आणि ५०० मिलीला किती वजन, असा तक्ता त्यांना हवा होता. मुलांनी पाचव्या शनिवारचा तोच चार ओळींचा प्रोग्रॅम काढला, त्याला लूप लावला आणि तक्ता छापून दिला. भाऊंनी आधी तो घरी नेला, दोन दिवसांनी परत आणला. आकडे त्यांनी स्वतःच्या जुन्या वहीशी ताडून बघितले होते, प्रत्येकापुढे पेन्सिलची टिकली. मग बॅलन्स रूमच्या दाराला आतून चिकटवला. ऑक्झॅलिक ॲसिडच्या ओळीपुढे निळ्या पेनानं त्यांनी लिहिलंय: 'दोन पाण्यासह'.